दंतिदुर्गाचा मधला पत्रा

मी, श्रीधर वामन हळदीकर, वय एकाहत्तर पूर्ण, मूळ राहणार मौजे निंबळे, सामानगडापासून दोन कोसांवर, आणि गेली सेहेचाळीस वर्षे राहणार बॉबलिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप बदललेली आहे, उजवा गुडघा बदललेला आहे. डोके अजून मूळचेच आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. १९९८ साली केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो, कारण त्यात मी खोटे लिहिले होते.

कलम १. इथल्या कायद्याप्रमाणे असे मृत्युपत्र अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हस्ताक्षरात असावे लागते. भाषा कोणतीही चालते, हे मी नोटारिआटच्या, म्हणजे नोटरीच्या, कचेरीत जाऊन विचारून आलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो, हो, बरोबर, "पण भाषांतर करून घेणे मग वारसांच्या गळ्यात." असू दे. ज्यांना हे वाचून लाज वाटायला हवी ते सगळे मराठी वाचतात, आणि त्यांत पहिला मी आहे. साक्षीदार इथे लागत नाहीत. मला हवे आहेत.

कलम २. बॉबलिंगेनचे राहते घर, म्हणजे एका ओळीतल्या सहा सारख्या घरांपैकी डावीकडून तिसरे, माझी पत्नी शोभना हिचे. तिच्यानंतर ते आमची एकुलती मुलगी मैत्रेयी हिचे. मैत्रेयी येना शहरात भिंगांवर संशोधन करते. तिला मराठी सगळे कळते आणि ती उत्तर जर्मनमध्ये देते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त दिवाणखान्यातल्या भिंतीवर ताम्रपटाचा जो मोठा फोटो चौकटीत लावलेला आहे, तो माझे प्रेत घरात असतानाच उतरवावा. गेली काही वर्षे जेवताना मी त्याच्याकडे मुद्दाम पाठ करून बसतो. शोभनाला वाटते मला खिडकीतून बाग बघायची असते.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते शोभनाचे. यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ४. तळघरातले छोटे लेथ, व्हाइस, मायक्रोमीटरची पेटी आणि सर्व कानशी शेजारचे हेर्र हान्स आइझेले यांना द्याव्यात. ते आधी माझे माइस्टर होते, म्हणजे मोटार कारखान्याच्या टूलरूममधले आमचे उस्ताद. १९६१ साली मी आलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस दिली आणि सहा आठवडे दुसरे काही करू दिले नाही. ठोकळा तयार झाला की ते कडेवरून अंगठा फिरवायचे. कड बोचली की ठोकळा भंगारात. "कांटन ब्रेखेन, हेर्र हळदीकर!" कडा मोडा! प्रत्येक धारदार कडेला अर्ध्या मिलिमीटरचा, पंचेचाळीस अंशांचा उतार द्यायचा, मग ती वस्तू कोणाच्या हाताला लागो न लागो. हे माझ्या अंगात इतके मुरले की शोभनाच्या पोळपाटाची कडसुद्धा मी मोडून ठेवली आहे.

कोरण्यांच्या संचातली सगळ्यांत बारीक कोरणी मात्र कोणालाही देऊ नये. ती भंगारात टाकावी. का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ५. माझे वडील, वामन गुरुजी, निंबळ्याच्या शाळेत मास्तर होते. १९५२ साली आठवडी बाजारातल्या एका तांबटाच्या भट्टीतून त्यांनी दोन जुने पत्रे सोडवून आणले. त्यांवर कोरलेली अक्षरे त्यांनी वर्षभर खपून लावली, आणि नाव निघाले दंतिदुर्गाचे. आठव्या शतकातल्या, राष्ट्रकूट घराण्याला सत्तेवर बसवणाऱ्या राजाचे. अशी दानपत्रे बहुधा तीन पत्र्यांची असतात. पहिल्यावर राजाचे कुळ आणि कौतुक. मधल्यावर कोणाला कोणते गाव दिले आणि त्याच्या चार सीमा. शेवटच्यावर शाप, की जो ही जमीन हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेत किडा होऊन राहील. वडिलांकडे पहिला आणि तिसरा पत्रा होता. मधला नव्हता. म्हणजे राजा होता, शाप होता, आणि गावाचा पत्ता नव्हता.

ते गाव आपले निंबळेच, हा ध्यास त्यांनी घेतला. वीस-बावीस वर्षे त्यांनी विहिरी उपसल्या, बांध उकरले, लोकांच्या माळ्यांवर चढून भांडी पालथी केली. आई त्यापायी झुरली. १९७४ साली त्यांना पोटाचा कर्करोग झाल्याचे पत्र आले, आणि पत्राच्या शेवटी आजाराबद्दल एकच ओळ होती; बाकी दोन पाने मधल्या पत्र्याबद्दल.

तो पत्रा मी केला. कारखान्यात, कामाचे तास संपल्यावर, तीन मिलिमीटर जाडीच्या तांब्यातून कापला. अक्षरे मूळ पत्र्यांच्या फोटोंवरून उचलून त्या बारीक कोरणीने कोरली, संस्कृत मजकूर छापील दानपत्रांवरून जुळवला, सीमा माझ्या आठवणीतल्या निंबळ्याच्या घातल्या. नव्या तांब्याला जुनेपण आणण्यासाठी तो तीन महिने तळघरात बादलीत बुडवून ठेवला. बादलीत लघवी होती. माझी. आज त्याच पत्र्यावर बायका हळदकुंकू वाहतात आणि पोरांना डोके टेकायला लावतात.

मे १९७५ मध्ये मी रजेवर गेलो आणि गावच्या तळ्याचा गाळ काढताना तो "सापडला". वडिलांना धरून बसवावे लागे. त्यांनी बोटाने चाचपत एकेक अक्षर वाचले आणि म्हणाले, "श्री, हे बघ, आपलं तळं!" अकराव्या दिवशी ते गेले. त्यांच्यासाठी केले, याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्यांच्या तेराव्याला तो पत्रा विहिरीत टाकायला हवा होता. मी टाकला नाही. चौदाव्या दिवशी वर्तमानपत्राचा माणूस आला आणि मी फोटोसाठी कोट घातला.

इतकी वर्षे हे कसे खपले? अभ्यासक मंडळी पत्र्याचा शाईने ठसा घेतात आणि ठसा वाचतात. ठशात अक्षरे उतरतात, कड उतरत नाही. मूळच्या दोन्ही पत्र्यांच्या कडा ठोकून जाड केलेल्या आहेत, अक्षरे एकमेकांवर घासू नयेत म्हणून. माझ्या पत्र्याच्या चारही कडा मोडलेल्या आहेत. अर्धा मिलिमीटर, पंचेचाळीस अंश. राष्ट्रकूटांच्या पदरी कोणी श्वाबिश, म्हणजे या भागातला जर्मन, माइस्टर नव्हता. मी कारागीर म्हणून लबाडी करायला बसलो आणि हाताने आपली सवय सोडली नाही. ज्याने कोणी त्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला असता त्याला कळले असते. पुण्याच्या एका वृद्ध अभ्यासकांनी मूळ पत्रा पाहायला मागितला होता. मी त्यांना दोन वर्षे झुलवले, आणि ते मत्सरी आहेत असे पत्र छापून आणले. ते आता नाहीत. त्यांची माफी मागण्याची सोय मी ठेवली नाही.

कलम ६. माझे दंतिदुर्गावरचे चारशे पानी हस्तलिखित कागदाच्या कचऱ्यात टाकावे. पहिली दोन प्रकरणे खरी आहेत, ती मैत्रेयीने हवी तर ठेवावीत. खरे एवढेच: हा माणूस बदामीच्या चालुक्यांचा सामंत होता, म्हणजे चाकर. धन्यासाठी लढला, शाबासकी घेतली, धन्याचे घर कुठे पोकळ आहे ते आतून पाहिले आणि वेळ येताच धन्यालाच उखडले. मग उज्जैनला हिरण्यगर्भ विधी केला. सोन्याचे मोठे पात्र करायचे, यजमानाने आत अंग चोरून बसायचे, मंत्र झाले की बाहेर यायचे. झाला नवा जन्म. सोने ब्राह्मणांनी वाटून घ्यायचे.

तीस वर्षे मी याचे वर्णन व्याख्यानांतून रंगवून केले. आता तो सोन्याच्या पातेल्यात गुडघे छातीशी घेऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला की मला शिसारी येते, कारण आम्ही तांब्यात तेच केले. साध्या मास्तराचे घर होते, ते "राष्ट्रकूटांचे मानकरी घराणे" झाले. माझा धाकटा भाऊ लग्नपत्रिकेत तसे छापू लागला. मी जर्मनीतून त्याला फोन करून मजकुरातली र्‍हस्व-दीर्घाची चूक सांगितली, बाकी काही बोललो नाही.

दंतिदुर्ग ऐन उमेदीत मेला. त्याला मुलगा नव्हता, गादी चुलत्याने घेतली. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे जे आहे ते मधल्या पत्र्यावर आधारलेले आहे, म्हणजे माझ्यावरच.

कलम ७. कपाटात नऊ शाली आहेत. त्या इथल्या आमच्या मराठी मंडळाने दरवर्षी "दंतिदुर्ग दिना"ला माझ्या खांद्यावर घातलेल्या आहेत. त्या टीअरहाइममध्ये, म्हणजे बेवारशी जनावरांच्या निवाऱ्यात, कुत्र्यांच्या अंथरुणासाठी द्याव्यात. मंडळाचे अध्यक्ष सुधीर टिपणीस सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. एका वर्षी ते स्वतः दंतिदुर्ग झाले होते. सोनेरी कागदाचा मुकुट, खाली चष्मा, आणि सिंहासनावर बसून पहिले वाक्य, जर्मन 'तर मग'ने सुरू होणारे: "आल्झो, प्रजाजनहो!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होतो, मीही वाजवल्या. सुधीर माणूस वाईट नाही. पण त्यांच्या त्या कार्यक्रमात मी ज्या चेहऱ्याने बसायचो, त्या चेहऱ्याचा मला उबग आलेला आहे.

कलम ८. आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा हृषिकेश निंबळ्यात स्मारक समितीचा अध्यक्ष आहे. तिन्ही पत्रे त्याच्याकडे आहेत. तळ्याच्या पूर्वेला दंतिदुर्गाचा घोड्यावरचा पुतळा, त्याला चौथरा, त्याच्यापुढे गाड्या लावायला जागा, असा आराखडा मंजूर झाला आहे. तळ्याच्या पूर्वेला सोळा कुंभारांची घरे आहेत. तळ्याच्या मातीवर चार पिढ्या जगलेली. त्यांना १५ डिसेंबरपर्यंत घरे खाली करण्याच्या नोटिसा आल्या आहेत, त्यानंतर पाडायला येणार. जागा तीच का, तर मधल्या पत्र्यात लिहिले आहे की दान दिलेली भूमी तळ्याच्या पूर्वेची, आणि ती "शून्य" म्हणजे रिकामी.

रिकामी का लिहिली? मी लहान असताना तिथे कुंभार होते. त्यांच्या चाकापाशी मी तासन्‌तास बसलेलो आहे, ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घातलेले आहेत. पण कोरताना ओळ संपत आली होती. "शून्य" बसले. कुंभारांची वस्ती बसली नसती, सगळी ओळ पुन्हा आखावी लागली असती. मला कंटाळा आला. एवढेच कारण आहे, दुसरे मोठे काही नाही.

त्या वस्तीतली साधना कुंभार अंगणवाडीत शिकवते. तिने मला ऑगस्टमध्ये पत्र लिहिले. "काका, पत्रा तुमीच पहिल्यांदा वाचलासा असं सगळे सांगतात. त्यात आमचं नाव नसंल, पण कुंभाराचा, मातीचा, भट्टीचा एखादा शब्द कुठं असला तर बघून कळवा. कचेरीतले साहेब म्हणाले, जुन्या लेखात असंल तर विचार करू." पत्रासोबत तिने परत पाठवण्यासाठी स्वतःचा पत्ता लिहिलेले पाकीट घातले होते, त्यावर भारताचे तिकीट लावून. ते तिकीट इथे चालत नाही हे तिला कसे माहीत असणार.

मी सुधीरना हे पत्र दाखवले. पत्रा कोणी केला ते त्यांना ठाऊक नाही. ते म्हणाले, "अहो श्रीधरकाका, सिम्पल आहे. तिथलं एक अक्षर झिजलंय म्हणा. 'कुलाल', म्हणजे कुंभार, असा पाठ सुचवा. एक छोटा पेपर लिहा. घरं वाचतील, स्मारक थोडं सरकवतील, तुमचंही नाव राहील. सगळेच खूश!"

घरी येऊन दोन दिवस भिंग घेऊन फोटोसमोर बसलो, कोणते अक्षर झिजलेले दाखवता येईल ते बघत. माझ्याच कोरलेल्या अक्षरात. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात दाढी करताना तोंड पाहिले आणि वस्तरा ठेवून दिला. एक खोटे वाचवायला दुसरे खोटे, आणि वर परोपकाराचा आव. त्याला नकार दिला याचे श्रेय मी घेत नाही, दोन दिवस बसलो होतो हे लिहून ठेवतो.

कलम ९. कपाटाच्या खणात लाखेने बंद केलेले पाकीट आहे. त्यात माझा कबुलीजबाब, पत्रा कापण्याआधी काढलेले मूळ आरेखन आणि कडेची मापे आहेत. माझ्या मृत्यूनंतर मैत्रेयीने ते जिल्हा कचेरीला, पुरातत्त्व खात्याला आणि साधना कुंभार हिला पोचते करावे. तोपर्यंत त्याबद्दल कोणाशी बोलू नये.

कलम १०. मला इथेच जाळावे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर सुधीरना तीन मिनिटांवर बोलू देऊ नये, आणि "इतिहासाचा उपासक" हे शब्द कोणी वापरल्यास शोभनाने उठून निघून यावे.

सही: श्रीधर वामन हळदीकर
स्थळ: बॉबलिंगेन. तारीख: १८ नोव्हेंबर २००७, रविवार.

साक्षीदार १: हान्स आइझेले. सही केली. (मजकूर कळत नाही, सही माझ्यासमोर झाली एवढे खरे.)

साक्षीदार २: शोभना श्रीधर हळदीकर. सही केलेली नाही.

पुरवणी

दुसरी सही का नाही, हे लिहिणे भाग आहे.

शोभनाने सही करण्याआधी सगळी पाने वाचली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, शेंगा सोलायच्या बाजूला ठेवून. पाचव्या कलमापाशी तिला धक्का बसेल म्हणून मी पाण्याचा पेला आणून ठेवला होता. ती म्हणाली, "बादलीचं मला काय सांगता? खाली केलरमधला तो वास तीन महिने कोण सोसत होतं?" तिला तेहतीस वर्षे माहीत होते. मी सांगेन म्हणून ती थांबली होती. नंतर, म्हणाली, थांबायचीही सवय झाली.

नवव्या कलमापाशी तिने चष्मा काढला.

"अहो, हे तुम्ही गेल्यावर उघडायचं?"

"हो."

"आणि घरं कधी पाडणार?"

"पंधरा डिसेंबरनंतर."

"मग तुम्ही कधी मरायचं ठरवलंय?"

ती पुन्हा शेंगा सोलू लागली आणि म्हणाली, "मेल्यावर खरं बोलणाऱ्या माणसाची साक्षीदार मला करू नका." येनाला मैत्रेयीला फोन लावून तिने माझ्या हातात दिला. मी अडखळत सगळे सांगितले. मग ती म्हणाली, "पापा, रुफ झी आन. येट्स्ट." तिला फोन कर. आत्ता.

आधी मी हृषिकेशला केला, कारण तो सोपा होता. तो अजिबात चिडला नाही, हेच मला घाण वाटले. म्हणाला, "काका, आराम करा. भूमिपूजनाचे पाहुणे ठरलेत, पत्रिका छापून झाल्यात. तुम्ही कागद पाठवलात तर मी सांगेन, परदेशात राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. गावात तुमच्यापेक्षा माझा शब्द चालतो." पत्रा खोटा आहे हे त्याला नवीन होते असे मला त्याच्या आवाजावरून वाटले नाही.

मग साधनाला केला. तिच्यामागे मुले पाढे म्हणत होती. ती बाहेर अंगणात आली. मी सांगत गेलो.

"म्हंजे काका," ती शेवटी म्हणाली, "आमी तिथं न्हाई, असं तुमीच लिवलं?"

"हो."

"आणि आमच्या आज्ज्याच्या चाकापाशी बसत होतासा."

"हो."

मी म्हणालो की आजच्या आज पाकीट उघडून सगळे कागद पाठवतो, सही-शिक्क्यासह, वकिलाकडून.

"कागद नका पाठवू," ती म्हणाली. "कागदानंच घरं चालल्यात आमची. तुमी या."

तेव्हा कलम ९ मी रद्द करतो. पाकीट मी आज फोडले. ते घेऊन आम्ही दोघे ३० नोव्हेंबरला निघत आहोत. आधी जिल्हा कचेरीत जाईन. तिथे ऐकले तर ठीक. न ऐकले तर पाडायला येतील त्या दिवशी मी तळ्याच्या पूर्वेला, कुंभारांच्या दारात बसलेला असेन, आणि येईल त्याला, हृषिकेशला आणि त्याच्या पाहुण्यांना धरून, सांगेन की हे सगळे मी केले. लोक थुंकतील. कुंभारांनीही थुंकावे, त्यांचा पहिला हक्क आहे. घरे वाचतील असे मी इथे लिहू शकत नाही.

कलम १० मध्ये दुरुस्ती: मी तिकडे मेलो तर तिकडेच जाळावे, इकडे आणू नये.

सही: श्रीधर वामन हळदीकर
स्थळ: बॉबलिंगेन. तारीख: २१ नोव्हेंबर २००७, बुधवार.

साक्षीदार: शोभना श्रीधर हळदीकर. तिकिटे हातात पडल्यावर सही केली.